एडमंड वॉलर: मेहुणा फासावर गेला, हा सुटला. कसा काय?

जुनी_वही:
नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या यादवी युद्धाबद्दल बरेच दिवस वाचतोय आणि एका माणसापाशी येऊन अडकलोय, म्हणून हा धागा. माणसाचं नाव एडमंड वॉलर. जन्म १६०६, मृत्यू १६८७. इंग्रजी साहित्य घेऊन बीए केलेल्यांना तो कवी म्हणून माहीत असेल, पण मला त्याच्या राजकारणाबद्दल बोलायचंय.

प्रकरण असं. १६४३ साल. राजा पहिला चार्ल्स ऑक्सफर्डला तळ ठोकून बसलाय, लंडन आणि पार्लमेंट जॉन पिमच्या हातात. वॉलर कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्हजचा खासदार. युद्ध सुरू झालं तेव्हा राजाच्या बाजूचे बहुतेक खासदार लंडन सोडून गेले, हा मात्र तिथेच राहिला आणि सभागृहात उभा राहून राजाच्या बाजूने बोलत राहिला. तहाची बोलणी करायला जे शिष्टमंडळ ऑक्सफर्डला गेलं त्यात हाही होता. राजाच्या हाताचं चुंबन घ्यायला याचा नंबर सगळ्यात शेवटी आला, तेव्हा राजा म्हणाला की तू शेवटचा असलास तरी सगळ्यात वाईट नाहीस आणि माझ्या मर्जीतही शेवटचा नाहीस.

त्यानंतर कट शिजला. वॉलरच्या बहिणीचा, सेसिलियाचा, नवरा नॅथॅनिएल टॉमकिन्स हा राणीच्या कौन्सिलचा कारकून होता. त्याचा मित्र रिचर्ड चॅलोनर लंडनमधला कापडवाला. या लोकांनी शहरात पेठापेठांतून याद्या करायला घेतल्या, राजाच्या बाजूचे कोण, विरोधातले कोण आणि कुंपणावर कोण. ३१ मे १६४३ ला सगळं फुटलं. ५ जुलैला टॉमकिन्स आणि चॅलोनरला फाशी दिली, तीही त्यांच्या त्यांच्या घराजवळच, टॉमकिन्सला होबर्नला आणि चॅलोनरला कॉर्नहिलला एक्सचेंजसमोर.

आणि वॉलर? पकडल्याबरोबर त्याने ऐकलेलं, पाहिलेलं, नुसता संशय असलेलं, सगळं ओकून टाकलं. उमरावांची नावं घेतली, ज्या बायकांच्या दिवाणखान्यात बोलणी झाली त्यांचीही घेतली. शिक्षा काय तर काही काळ लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैद, १०,००० पौंड दंड आणि देशाबाहेर हकालपट्टी. १६५१ मध्ये माफी, मग राजाला हरवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलची स्तुती, मग दुसऱ्या चार्ल्सची स्तुती आणि ऐंशीच्या घरात पोचला तरी खासदार!

माझं मत सांगून टाकतो. कवितेमुळे याच्याकडे फार प्रेमाने बघितलं जातं. मला वाटतं आधी टॉमकिन्स आणि चॅलोनरकडे बघावं आणि मग याच्याकडे. पण प्रश्न राहतोच, हा माणूस नेमका वाचला कशामुळे? पैसा, नाती, जीभ की नशीब?

पावसाळी_ढग:
वाचनखूण साठवली. सावकाश वाचते.

मुक्काम_मिरज:
हाच तो पार्लमेंटचा जनरल वॉलर का? त्या युद्धावरच्या एका लेखात वॉलरच्या लढाया वाचल्याचं आठवतंय.

बखरवाचक:
@मुक्काम_मिरज, नाही, तो सर विल्यम वॉलर. लांबचे भाऊबंद दोघं, पण विल्यम पक्का पार्लमेंटवाला सेनापती. आणि तारीख बघा, ५ जुलै १६४३. ज्या दिवशी लंडनमध्ये टॉमकिन्स आणि चॅलोनर फासावर चढले त्याच दिवशी बाथजवळ लॅन्सडाउनला विल्यम वॉलर राजाच्या फौजेशी लढत होता. पुढच्या आठवड्यात राउंडवे डाउनला त्याची फौज पार मोडली. म्हणजे त्या उन्हाळ्यात पार्लमेंटची बाजू खरोखर डळमळीत होती हे लक्षात घ्या. आज आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून कट वेडगळ वाटतो, तेव्हाच्या लंडनमध्ये तो वेडगळ नव्हता.

कडक_इस्त्री:
लेख चांगला आहे पण जुनी_वही, तुम्ही जरा एकतर्फी लिहिलंय असं माझं स्पष्ट मत. वॉलर मुळात राजाचा भाट नव्हताच. जहाजपट्टीची केस आठवा. राजाने पार्लमेंटला न विचारता जहाजांच्या नावाखाली कर बसवला, जॉन हॅम्डेनने तो भरायला नकार दिला, केस झाली, न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने निकाल दिला. हा हॅम्डेन वॉलरचा सख्खा मामेभाऊ. पुढे १६४१ मध्ये पार्लमेंटने त्या न्यायाधीशांवर महाभियोग आणला तेव्हा क्रॉली नावाच्या न्यायाधीशाविरुद्धचं भाषण कुणी केलं? वॉलरने. ते भाषण छापून हजारोंनी खपलं म्हणतात.

म्हणजे करांच्या बाबतीत राजाविरुद्ध. पण बिशप लोकांची व्यवस्था मुळासकट उपटून टाकायचा विषय निघाला तेव्हा त्याने विरोध केला. त्याचं म्हणणं असं की आज चर्चमधली उतरंड मोडलीत तर उद्या लोक जमीनजुमल्यातही समान वाटा मागतील. आवडो न आवडो, विचार सुसंगत आहे. जमीनदार माणूस, त्याला बदल हवा होता पण उलथापालथ नको होती. अशा माणसाला युद्धात कुठलीच बाजू आपली वाटत नाही आणि मग तो मधला मार्ग शोधायला जातो. कट नव्हताच हो सुरुवातीला, शांततेची मोहीम होती ती.

जुनी_वही:
@कडक_इस्त्री, क्रॉलीचं भाषण मला माहीत होतं, लांबी वाढेल म्हणून टाकलं नाही, तुम्ही आणलंत ते बरं झालं. पण शांततेची मोहीम होती तर टॉवरचा किल्ला ताब्यात घ्यायचा बेत कुठून आला?

बखरवाचक:
इथेच तर मेख आहे. दोन वेगळे बेत होते, ते एकात एक मिसळले.

वॉलरचा बेत: मवाळ खासदार, काही उमराव आणि शहरातले व्यापारी यांनी एकत्र यायचं, दर आठवड्याची पट्टी भरायला नकार द्यायचा आणि पार्लमेंटवर तह करायचा दबाव आणायचा. शहरातल्या बातम्या तो ऑक्सफर्डला लॉर्ड फॉकलंडला कळवत होता. फॉकलंड राजाचा सेक्रेटरी आणि वॉलरचा जुना मित्र.

दुसरा बेत सर निकोलस क्रिस्पचा. हा गिनीच्या व्यापारात गडगंज झालेला लंडनचा सावकार, पळून ऑक्सफर्डला गेलेला. त्याचं म्हणणं होतं की लंडनमध्ये हत्यारबंद माणसं उभी करायची, टॉवर ताब्यात घ्यायचा, पार्लमेंटच्या पुढाऱ्यांना धरायचं आणि राजाच्या फौजेला वेशी उघडून द्यायच्या. त्यासाठी राजाच्या सहीशिक्क्याचा हुकूमनामा तयार झाला आणि तो लंडनला आणला लेडी डोबिन्यीने. या बाईंचा नवरा एजहिलच्या लढाईत राजाकडून लढताना मारला गेला होता आणि घरचे व्यवहार निस्तरायचेत म्हणून पार्लमेंटकडूनच परवाना काढून त्या आल्या होत्या. हुकूमनामा टॉमकिन्सकडे पोचला, त्याने तो पुरून ठेवला, नंतर तो उकरून काढला गेला.

आता पिमच्या जागी बसून बघा. एका हातात याद्या, दुसऱ्या हातात राजाचा शिक्का असलेला हत्यारं उचलायचा हुकूम. दोन वेगळे बेत आहेत हे तो का म्हणेल? त्याने एकच भलामोठा कट म्हणून जाहीर केला.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
लेडी डोबिन्यींवर वेगळा धागा पाहिजे. नवरा गेलाय, हातात शत्रूचाच परवाना आणि सामानात राजाचा हुकूम. आपण एअरपोर्टला लोणच्याची बरणी नेताना घामाघूम होतो.

गोधडी:
+१ एक्सप्रेस :)
फुटला कसा पण कट? ते कुणी सांगितलंच नाही.

जुनी_वही:
@गोधडी, टॉमकिन्सच्या घरच्या नोकराने फोडला, रो नावाचा. पडद्याआडून बोलणं ऐकलं आणि जाऊन सांगितलं असं म्हणतात. ३१ मे हा उपासाचा, प्रार्थनेचा दिवस होता, खासदार मंडळी वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये प्रवचन ऐकत होती. तिथे पिमच्या हातात चिठ्ठी आली. त्याने शेजारच्यांच्या कानात सांगितलं आणि उठून निघाला, बाकीचे सगळे बघत राहिले. त्याच रात्री वॉलरच्या घरी पहारा बसला.

वकीलसाहेब_ठाणे:
मला वाचला कसा या प्रश्नात रस आहे कारण ती मुख्यतः कायद्याची गोष्ट आहे. टॉमकिन्स आणि चॅलोनर साधे नागरिक. त्यांचा खटला लष्करी कोर्टापुढे गिल्डहॉलला चालला आणि आठवड्याच्या आत फाशी. वॉलर खासदार. खासदाराला लष्करी कोर्टापुढे न्यायचं तर आधी सभागृहाने त्याला सोडायला हवं.

४ जुलैला, म्हणजे त्या दोघांच्या फाशीच्या आदल्या दिवशी, वॉलरला सभागृहासमोर आणलं. त्याने जे भाषण केलं त्यात रडारड भरपूर होती, पण मधे एक मुद्दा असा ठेवला की ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा यावा. मुद्दा हा की आज तुम्ही मला सैनिकांच्या कोर्टाच्या हवाली केलंत तर उद्या तुमच्यापैकी कुणालाही असंच देता येईल, पायंडा कोण पाडतंय ते बघा. वकील म्हणून सांगतो, जीव टांगणीला लागलेला असताना स्वतःचा बचाव समोरच्याच्या हिताशी जोडून दाखवणं ही सोपी गोष्ट नाही. सभागृहाने त्याला त्या महिन्यात सदस्यत्वावरून काढलं, पण घाई करून फासावर दिलं नाही. दिवस गेले, राग निवला आणि नोव्हेंबर १६४४ मध्ये दंड आणि हद्दपारीवर भागलं.

सातभाई:
वकीलसाहेब, जीभ चालली ते ठीक. पण पैसाही चालला हो. या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या, राजाच्या बाजूच्या क्लॅरेंडनने स्वच्छ लिहून ठेवलंय की वॉलरने पश्चात्तापाचं असं काही नाटक केलं की माणूस भ्रमिष्ट झालाय असं समजून दयेपोटी त्याचा खटला पुढे ढकलला, आणि तेवढ्या वेळात त्याने धर्मोपदेशकांना बोलावून त्यांच्यापुढे रडून आणि पैसे चारून आपली बाजू बळकट केली.

याच्याकडे पैसा होताच. बाप लहानपणी गेला, बकिंगहॅमशरमधल्या बीकन्सफील्डची मोठी इस्टेट वारशात आली, ईटन आणि केंब्रिजला शिकला. १६३१ मध्ये लंडनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या वारसदार मुलीशी लग्न केलं. मुलगी आल्डरमन म्हणजे शहराच्या कारभारी मंडळींच्या पालकत्वाखाली, त्यांची परवानगी घेतलीच नाही. त्यावरून गदारोळ झाला आणि तो राजाने मिटवला. म्हणजे अडचणीतून सुटायची सवय जुनी.

कडक_इस्त्री:
सातभाई, क्लॅरेंडनचा शब्द असा डोळे मिटून घेऊ नका. त्याचं आणि वॉलरचं नंतर वाजलेलं होतं. १६६५ मध्ये वॉलरला ईटनच्या प्रोव्होस्टचं, म्हणजे प्रमुखाचं पद हवं होतं, दुसरा चार्ल्स द्यायला तयार होता, पण क्लॅरेंडन लॉर्ड चॅन्सेलर, त्याने शिक्का मारायला नकार दिला, म्हणाला ते पद धर्मगुरूचं आहे. १६६७ मध्ये क्लॅरेंडनवर महाभियोग आला तेव्हा त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांत वॉलर पुढे होता. क्लॅरेंडन देशाबाहेर गेला आणि तिथे परदेशात बसून लेखन पुरं केलं. तिथे वॉलरचं चित्र कसं रंगेल?

सातभाई:
राग होता हे मान्य. पण तरुणपणी दोघं एकाच मित्रमंडळातले होते, ऑक्सफर्डजवळ ग्रेट ट्यूला फॉकलंडच्या घरी जमणारे. म्हणजे क्लॅरेंडन त्याला आतून ओळखत होता. आणि वॉलरने नावं घेतली ही गोष्ट एकट्या क्लॅरेंडनच्या भरवशावर नाही. पोर्टलंड आणि कॉनवे हे दोन उमराव वॉलरच्या जबानीवरूनच अटकेत गेले. नॉर्थंबरलंडचंही नाव घेतलं त्याने. हे सगळं तेव्हाच जाहीर झालेलं आहे.

पोर्टलंडचं तर वाचून अंगावर काटा येतो. वॉलरने कैदेतून त्याला चिठ्ठी पाठवली की मी सगळं सांगितलंय, आता तूही कबूल कर, त्यातच तुझं भलं आहे. पोर्टलंडने साफ नाकारलं. समोरासमोर आणलं तरी नाकारलं. कॉनवेनेही नाकारलं. वॉलरच्या एकट्याच्या शब्दापलीकडे पुरावाच नाही, त्यामुळे काही आठवड्यांत दोघं जामिनावर बाहेर. वॉलर सांगत होता की कबुली हाच सुटकेचा रस्ता आणि त्याच वेळी दोन माणसं तोंड बंद ठेवून सुटली. त्याच्या डोळ्यांदेखत.

पावसाळी_ढग:
सातभाई, हा प्रतिसाद फार आवडला. आता सगळं वाचून झालं म्हणून लिहिते.

मला या सगळ्यात फॉकलंडचं फार वाईट वाटतं. तो शांततेसाठी तळमळणारा माणूस, वॉलरशी पत्रव्यवहार त्याचाच. कट फुटल्यावर चार महिन्यांच्या आत, २० सप्टेंबर १६४३ ला, तो न्यूबरीच्या लढाईत गेला. आणि त्याच लढाईत सन्डरलंडचा तरुण अर्लही गेला. हा अर्ल कोण? वॉलर ज्या डॉरथी सिडनीवर कविता करत होता, जिला त्याने 'सॅकरिसा' हे नाव दिलं, तिचा नवरा. तिने वॉलरला नकार देऊन १६३९ मध्ये याच्याशी लग्न केलं होतं. चार वर्षांत विधवा झाली. वॉलर त्या वेळी टॉवरमध्ये. म्हणजे जुना मित्र गेला, जिच्यावर प्रेम होतं तिचा नवरा गेला, जॉन हॅम्डेन तर त्याच जूनमध्ये चॅलग्रोव्हला जखमी होऊन वारला. भोवतालची सगळी माणसं आपापल्या बाजूसाठी मरतायत आणि हा एकटा जिवंत राहायची धडपड करतोय. मला त्याची चीड येते आणि दयाही येते, दोन्ही खरं आहे.

मुक्काम_मिरज:
सॅकरिसाचा एक किस्सा आहे ना? म्हातारपणी तिने विचारलं की माझ्यावर पुन्हा तशा कविता कधी लिहिणार, तर हा म्हणाला बाईसाहेब तुम्ही पुन्हा तितक्या तरुण आणि सुंदर व्हाल तेव्हा.

पावसाळी_ढग:
तोच. आणि या उत्तराचं लोक कौतुक करतात! मला तरी ते क्रूर वाटतं.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
मला तर वाटतं तिने नकार दिला तेच बरं केलं. हा माणूस चौकशीत पहिलं नाव तिचंच सांगता :)

थेम्सकाठची:
उशिरा आले धाग्यावर. मी इंग्लंडात राहते, बीकन्सफील्डला जाऊन आलेय, मेरिलबोनहून गाडी मिळते. सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चच्या आवारात वॉलरची कबर आहे. कबर म्हणण्यापेक्षा स्तंभच म्हणा, उंच दगडी, लॅटिनमध्ये मजकूर कोरलेला. चर्चच्या आत एडमंड बर्क पुरलेला आहे, आपल्याला तो वॉरन हेस्टिंग्जच्या महाभियोगामुळे माहीत. वॉलरचं घर हॉल बार्न गावाबाहेरच, पण ते खाजगी आहे.

मी गेले तेव्हा सोबत एक स्थानिक आजोबा भेटले, ते अभिमानाने सांगत होते आमचा कवी, आमचा कवी. मी टॉमकिन्सबद्दल विचारलं तर त्यांना नावही माहीत नव्हतं. होबर्नलाही मी शोधलं, फेटर लेनच्या टोकाशी, तिथे आता नुसती ऑफिसं आणि बसची वर्दळ, त्याच्या नावाची पाटीबिटी मला तरी दिसली नाही. जुनी_वही, तुमचा मुद्दा मला तिथे उभं राहून पटलेला आहे.

गोधडी:
थेम्सकाठची ताई, फोटो असतील तर टाका ना.

थेम्सकाठची:
@गोधडी, शनिवार-रविवारी शोधते. जाता जाता, मुंबईकरांसाठी एक. दुसऱ्या चार्ल्सची राणी कॅथरिन, जिच्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, तिच्या वाढदिवसानिमित्त वॉलरने चहावर कविता केली आहे. राणीला चहाची आवड आणि दरबारात तिने ती फॅशन आणली. चहाची स्तुती करताकरता हा राणीच्या देशाचेही आभार मानतो, पूर्वेकडच्या समृद्ध मुलखाची वाट दाखवली म्हणून. इंग्रजीत चहावरच्या अगदी सुरुवातीच्या कवितांपैकी एक. आणि हा माणूस दारूला शिवत नसे, पाणीच प्यायचा, तरी मैफिलीत सगळ्यांत रंगतदार बोलायचा म्हणे.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
म्हणजे आमची मुंबई लग्नात गेली आणि त्या पंगतीत चहाचे गोडवे हा गात होता! चिंचपोकळीच्या वतीने नोंद घेतली आहे.

वकीलसाहेब_ठाणे:
अवांतर: १६६८ मध्ये राजाने ती मुंबई कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. वॉलरचा दंड १०,००० पौंड. म्हणजे एका खासदाराच्या दंडात मुंबईचं हजार वर्षांचं भाडं निघालं असतं.

बखरवाचक:
मुंबई सोडून परत येऊ या का :)

वाचला कसा यात नात्यांचा भाग अजून कुणी नीट मांडला नाही. हॅम्डेन आणि क्रॉमवेल हे आतेमामे भाऊ. वॉलर आणि हॅम्डेनही आतेमामे भाऊ. म्हणून वॉलर आणि क्रॉमवेल यांच्यात सोयरिकीचं नातं. वॉलरची आई हॅम्डेन घराण्यातली, स्वभावाने राजाच्या बाजूची. क्रॉमवेल बीकन्सफील्डला आला की ती त्याला तोंडावर सुनवायची आणि तो चिडायच्या ऐवजी तिच्या अंगावर रुमाल फेकून म्हणायचा की आत्याबाईंशी मी वाद घालणार नाही, असा किस्सा सांगतात.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. वॉलरचा दुसरा एक मेहुणा, बहीण मेरीचा नवरा, कर्नल एड्रियन स्क्रोप. हा पार्लमेंटच्या फौजेतला, १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर ज्यांनी सह्या केल्या त्यांतला एक. वॉलरला १६५१ मध्ये माफी मिळून मायदेशी यायला मिळालं त्यात स्क्रोपच्या वजनाचा हात होता असं मानतात. मग १६६० मध्ये राजेशाही परतली, स्क्रोप स्वतःहून हजर झाला आणि तरीही १७ ऑक्टोबर १६६० ला चेरिंग क्रॉसला त्याला देहदंड झाला.

कडक_इस्त्री:
एक मेहुणा राजासाठी फासावर आणि दुसरा मेहुणा राजाला मारलं म्हणून फासावर. दोन बहिणी, दोघी विधवा, दोन विरुद्ध कारणांनी. हे मला माहीत नव्हतं. बखरवाचक, धन्यवाद.

जुनी_वही:
मी टॉमकिन्सचंच वाचत होतो, स्क्रोपशी हे नातं पहिल्यांदाच कळतंय. आणि त्याच वर्षी वॉलरने राजाच्या परत येण्यावर कविता लिहिली! चार्ल्सने त्याला विचारलं म्हणतात, क्रॉमवेलवरची तुझी कविता यापेक्षा चांगली होती, असं का? तर हा म्हणाला, महाराज, आम्हा कवींना सत्यापेक्षा कल्पितात जास्त यश येतं. आजवर हा किस्सा मी हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून वाचला होता. स्क्रोपचं कळल्यावर आता तो तसा वाचवत नाही.

सातभाई:
क्रॉमवेलवरची ती स्तुती १६५५ ची. त्याच वर्षी व्यापारविषयक समितीवर नेमणूकही झाली. १६५८ मध्ये क्रॉमवेल वारला तेव्हा मोठं वादळ झालं होतं, त्यावरही कविता. दीड-पावणेदोन वर्षांत नवा राजा, नवी कविता.

मुक्काम_मिरज:
सगळे त्याच्यावर तुटून पडलाय म्हणून मी जरा उलट बोलतो. १६४३ ते १६६० इंग्लंडमध्ये सरकार किती वेळा बदललं बघा. राजा, पार्लमेंट, रम्प (लष्कराने खासदार हाकलल्यावर उरलेलं पार्लमेंट), प्रोटेक्टर क्रॉमवेल, त्याचा मुलगा, परत रम्प, मग राजा. सामान्य गृहस्थ प्रत्येक वेळी शपथ घेत होता आणि मोडत होता. वॉलरचा कट सापडल्यावर पार्लमेंटने ६ जूनला सगळ्या खासदारांना नवी शपथ घ्यायला लावली, ती पुढे देशभर लागू केली, की राजाच्या फौजेला मदत करणार नाही वगैरे. म्हणजे या कटाचा सगळ्यात मोठा फायदा पिमला झाला. मवाळ लोकांची तोंडं बंद झाली, तहाची भाषा करणारा प्रत्येकजण संशयित ठरला. मग पिमला वॉलर मेलेला हवा होता की बोलणारा हवा होता? मला वाटतं बोलणारा. त्याच्या प्रत्येक नावागणिक कट मोठा दिसत होता. वॉलर वाचला कारण त्याचं जिवंत राहून बोलणं पिमच्या कामाचं होतं. जीभ, पैसा, नाती हे सगळं नंतर.

वकीलसाहेब_ठाणे:
@मुक्काम_मिरज, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. माफीच्या साक्षीदाराचं आजही असंच असतं, त्याची किंमत त्याच्या पश्चात्तापावर ठरत नाही, फिर्यादी पक्षाला तो किती उपयोगाचा यावर ठरते. फक्त एक जोड देतो. ४ जुलैपर्यंत त्याचा उपयोग संपत आला होता, तेव्हा खासदारकीचं कवच कामी आलं. दोन्ही लागलं.

सातभाई:
मिरज, पटलं. पण मग वॉलरचा गुन्हा मोठाच होतो ना? त्याला स्वतःला जी शांतता हवी होती तिचं दार त्याच्याच कबुलीने बंद झालं. नुसता कट फसला असता तर तहवाले लोक दबून राहिले असते आणि कधीतरी परत उठले असते. नावं जाहीर झाल्यावर उठायला कुणी धजेना.

मुक्काम_मिरज:
हो, ते नाकारत नाही.

कडक_इस्त्री:
मी माझ्या पहिल्या प्रतिसादावर ठाम आहे की त्याचा हेतू शांततेचा होता. पण एक भर घालतो, म्हातारपणचा वॉलर विसरू नका. १६६१ पासून हेस्टिंग्ज गावाचा खासदार, १६८५ मध्ये सॉल्टॅशचा. दुसऱ्या चार्ल्सच्या पार्लमेंटमध्ये क्वेकर आणि इतर पंथांच्या लोकांना छळू नका म्हणून बोलणारे थोडे होते, त्यात हा होता. पंथ बघून माणसं तुरुंगात टाकायची लाट असताना हे बोलायला लागतं. भित्रा माणूस म्हणून त्याला निकालात काढणाऱ्यांनी हेही वाचावं.

गोधडी:
परदेशात असताना जगला कसा? दंड भरून उरलं काय हातात?

थेम्सकाठची:
@गोधडी, जमीन विकून दंड भरला. मग दुसऱ्या बायकोला, मेरीला, घेऊन फ्रान्सला, रुआन आणि पॅरिस. पॅरिसमध्ये परागंदा झालेल्या इंग्रज राजपक्षीयांत ज्यांच्या घरी पंगत उठते अशी मोजकी घरं होती, त्यात याचं एक. शेवटी बायकोचे दागिने एकेक करून विकले. म्हणजे तिथेही ज्या राजपक्षाची नावं त्याने फोडली होती तीच माणसं त्याच्या टेबलावर जेवत होती. आणि लंडनमध्ये सेसिलियाचं, टॉमकिन्सच्या बायकोचं काय झालं असेल हा विचार मला सुटत नाही.

जुनी_वही:
थेम्सकाठची, तोच विचार मलाही छळतोय. चॅलोनरने फासावर चढताना सांगितलं होतं की मी यात ओढला गेलो, मोठी माणसं पाठीशी आहेत असा भरवसा वॉलरने दिला होता. टॉमकिन्सनेही मेहुण्यावरच्या मायेपोटी यात पडलो असंच सांगितलं. दोघांनी कबुली दिली होती, आरडाओरडा केला नाही.

मिरजच्या उत्तराने माझा मूळ प्रश्न बऱ्यापैकी सुटला असं मी मानतो, आधी पिमची गरज, मग सभागृहाची स्वतःबद्दलची भीती, मग पैसा आणि आठ वर्षांनी स्क्रोपचं नातं. कडक_इस्त्रींशी माझे मतभेद कायम आहेत. म्हातारपणी तो सहिष्णुतेच्या बाजूने बोलला त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, पण ते टॉमकिन्स-चॅलोनरच्या खात्यातून वजा होत नाही.

पोर्टलंड आणि कॉनवेच्या चौकशीबद्दल कुणी सविस्तर लिहिणार असेल तर जरूर लिहा, सातभाई तुम्हीच लिहा. लेडी डोबिन्यींवर मी या महिन्यात वेगळा धागा काढतो.

चिंचपोकळी_एक्सप्रेस:
पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. लेडींच्या धाग्यावर पहिला प्रतिसाद माझा.

सातभाई:
लिहितो. पण आधी कॉनवेचं अजून थोडं वाचू द्या, दिवाळीनंतर टाकतो.